एकशे वीस झेंड्यांची उसवण

पाण्याचे मीटर बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे कलमबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि तिची हरकतही नव्हती. वीस वर्षं सरकारी कंत्राटांचे कागद तिच्या हातात होते. तिच्या चुकीपायी एकही निविदा कधी परत आली नव्हती.

त्या वर्षी नवा नियम आला. सरकारला माल पुरवणाऱ्या कंपनीचा अधिकारी, किंवा त्याच्या घरातलं कुणी, निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसा, वस्तू किंवा फुकट काम देईल, तर कंपनी दोन वर्षं निविदेतून बाद. कलमबाईने अकरा अधिकाऱ्यांचे फॉर्म काढले. दहा जणांनी तासाभरात 'नाही'वर खूण करून दिली. विक्रीप्रमुखाने तर न वाचताच केली आणि तसं ऐटीत सांगितलंही, म्हणून त्याला दुसरा फॉर्म भरावा लागला.

अकरावा तिचा स्वतःचा. तो ती घरी घेऊन गेली, कारण घरात वडील होते आणि त्यांना विचारणं भाग होतं.

वडील शिंपी. दुकान बंद केलं होतं, पण हात थांबले नव्हते.

"बाबा, कुठल्या उमेदवाराला काही दिलंत का?"

"मी कुणाला काय देणार?"

"बरं." तिने पेन उघडलं.

"मास्तरचे झेंडे तेवढे शिवले."

तिने पेन मिटलं. मास्तर म्हणजे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि आता नगरपालिकेला उभे होते.

"किती झेंडे?"

"एकशे वीस. कापड त्याचं. वाऱ्याने विरू नयेत म्हणून कडेला दुहेरी शिलाई घातली."

"शिलाई घेतलीत?"

"मास्तरकडून?" वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुढचा प्रश्न गिळला.

सकाळी तिने मालकांना सांगितलं. मालकांनी टेबलावरचा मीटर बाजूला सारला.

"शिवताना कुणी पाहिलं?"

"मी. पण झेंडे कुणाचे, हे तेव्हा विचारलं नव्हतं."

"तुम्ही तर आपल्याच आहात."

"म्हणूनच सांगायला आले."

मालकांनी उसासा टाकला. मग तिने सुटकेचं कलम वाचून दाखवलं: तीस दिवसांत बाजारभावाने मोबदला घेतला, किंवा दिलेली मदत परत घेतली आणि आपणहून कळवलं, तर बंदी लागू होत नाही.

"मग घ्या ना मोबदला," मालक म्हणाले. "उद्याच."

वडिलांनी साफ नकार दिला. "तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा मास्तर दोन महिने रोज डबा आणत होता. त्याचा बाजारभाव कुणी काढला होता?"

यावर कलमबाईकडे कलम नव्हतं. "मग मदत परत घ्यावी लागेल," ती हळूच म्हणाली.

"शिलाई परत कशी घेतात?"

"उसवून."

वडिलांनी चहा संपवला. "ते जमेल," ते म्हणाले.

मास्तरांना सांगायला ते स्वतः गेले. काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर दोन पोती घेऊन दारात उभे राहिले. "गल्लीतले उतरवून आणलेत. चौकातले उद्या आणतो."

दोघं म्हातारे खाली बसले आणि उसवू लागले. आपल्याच हातची दुहेरी शिलाई वडील न अडखळता काढत होते. मास्तर मात्र एकेका टाक्याशी झटत होते. कलमबाई मोजणी करत होती. आकडा चुकला नाही. मास्तरांनी उसवायला केलेली मदत कुठल्या कलमात बसते, हे तिने तपासलं. कुठेच बसत नव्हती. तरी सरकारी कचेरीला पाठवायच्या अहवालात तिने एक टीप लिहिली.

आठवड्याने सरकारी कचेरीतून पत्र आलं: दोरा कुणाचा होता? वडिलांचा होता. तिने उसवलेला सगळा दोरा पाकिटात भरून पुरावा म्हणून पाठवला. कंपनी पात्र ठरली. मालकांनी तिचं अभिनंदन केलं आणि शिंप्यांना नमस्कार सांगायला सांगितलं.

मास्तरांनी ते झेंडे तसेच लावले. चार दिवसांत त्यांच्या कडा विरून दशा लोंबू लागल्या. मास्तर साठ मतांनी पडले. झेंड्यांमुळे, असं कुणी म्हटलं नाही. कलमबाईच्या मनात मात्र ते अधूनमधून यायचं.

निकालानंतरच्या रविवारी मास्तर घरी आले. शर्टाचं वरचं बटण तुटायला आलं होतं.

वडिलांनी लेकीला विचारलं, "आता तो उमेदवार नाही ना?"

तिने खरोखरच नियम उघडून पाहिला. "नाही."

"काढ रे शर्ट," वडील मास्तरांना म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.