साडूच्या बंदुकीचा पल्ला

आपल्याकडे जे आहे ते आणखी चांगले व्हावे, या एकाच प्रेरणेने माणूस गुहेतून बाहेर पडला आणि चंद्रापर्यंत पोचला. लीलाधरच्या बाबतीत या प्रेरणेचे नाव भूपेश होते, आणि तो त्याचा साडू होता.

लीलाधर भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर होता. बावीस वर्षे तो प्रेस मशीनच्या पोटात हात घालत आला होता. त्याची बायको उर्मिला ही भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या विठू नाखव्यांची थोरली मुलगी. धाकटी सुलू. ती भूपेशला दिलेली. भूपेशचे मीरा रोड स्टेशनजवळ मोबाइलची कव्हरे विकायचे दुकान होते. त्या दुकानात भूपेश बहुतेक वेळ बसून असे आणि तरीही दुकान चालत असे. लीलाधरला याचा उलगडा कधीच झाला नव्हता.

विठू नाखव्यांच्या ओट्यावर हातांची खुर्ची एकच होती. ती थोरल्या जावयाची. असे कुणी कधी बोलून दाखवले नव्हते, पण एकोणीस वर्षे दर रविवारी लीलाधर पालीला पोचला की नाखवा खुर्चीवरची टोपली उचलून खाली ठेवत आणि म्हणत, "बसा, जावयबापू." भूपेश ओट्याच्या पायरीवर बसे. जगात सगळे जागच्या जागी होते.

हे बिघडले ते दिवाळीनंतर, कावळ्यांमुळे.

नाखव्यांच्या घरासमोर मोकळी जागा होती आणि तिच्या पलीकडच्या टोकाला बांबूंच्या वलांडी. त्यांच्यावर बोंबील जोडीजोडीने लटकवून वाळत घालायचे. बोंबील आले की कावळे आले. त्यांना उडवायला नाखव्यांनी वलांडीच्या डोक्यावर तेलाचा रिकामा डबा टांगला होता आणि त्याला बांधलेली दोरी ओट्यापर्यंत आणली होती. ओट्यावर बसून दोरी ओढली की डबा खडखडे आणि कावळे उडत. दिवसातून दोनशे वेळा. त्यातून नाखव्यांचा खांदा गेला.

भूपेशने दुकानात विकायला म्हणून एक एअरसॉफ्ट गन आणली होती. प्लास्टिकचे मटाराएवढे छर्रे उडवणारी, बॅटरीवरची, दिसायला थेट लष्करातली आणि असायला खेळणे. ती विकली गेली नाही. भूपेशने ती एका रविवारी पालीला आणली, ओट्यावर उभा राहिला, गॉगल लावला आणि पन्नास पावलांवरच्या डब्याकडे नळी करून घोडा दाबला.

ठण्ण.

कावळे उडाले.

"आरं बंग!" नाखवा म्हणाले. "जाग्यावरशी न हालता!"

भूपेशने आणखी नऊ छर्रे मारले. नऊही ठण्ण. मग नाखवा असे काही बोलले की लीलाधरने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"जावयबापू, जरा उठता का? भूपेशला बसूनशी नेम बरा लागंल."

त्या दिवसापासून लीलाधर पाण्याच्या पिंपाशेजारच्या स्टुलावर बसू लागला. स्टुलाचा एक पाय आखूड होता. अकरा वाजता तिथे ऊन येई. लीलाधर उन्हात बसून भूपेशची पाठ बघे आणि एकेक ठण्ण मोजे. जेवताना नाखवा वाक्याची सुरुवात भूपेशने करू लागले. भूपेश असं बोलला. भूपेशला इचारा. एकदा तर घोळ माशाचा मधला तुकडा उचलून त्यांनी थेट भूपेशच्या ताटात टाकला, आणि लीलाधरला शेपटाकडचा आला. शेपटाकडचा तुकडा वाईट नसतो. पण तो शेपटाकडचा असतो.

"काय झालं तोंड पाडायला?" परतीच्या रिक्षात उर्मिलाने विचारले.

"काही नाही."

"खुर्चीचं ना?"

"खुर्चीचं काय? खुर्ची ही बसायची वस्तू आहे."

"मग बसा की स्टुलावर," उर्मिला म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

पुढच्या रविवारी लीलाधर स्वतःची गन घेऊन आला. तेच मॉडेल. फक्त काळ्याऐवजी खाकी, म्हणजे कुणी नक्कल म्हणू नये. त्याने नेम धरला, श्वास रोखला आणि घोडा दाबला. छर्रा तीस पावलांवर दमला, डावीकडे वळला आणि बोंबलांत शिरला. दुसराही. विसावा कुठे गेला ते कळलेच नाही.

"भाओजी," सुलू संध्याकाळी बोंबील काढताना ओरडून म्हणाली, "तुमचे छर्रे मिळाले हां. तीन बोंबलांच्या तोंडात होते."

सगळे हसले. भूपेश सगळ्यात कमी हसला, आणि तेच लीलाधरला जास्त लागले.

तेच मॉडेल, तेच छर्रे, मग भूपेशचा छर्रा सरळ का जातो? रात्रपाळीच्या फिटरांना विचारून, मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि जेवताना भिंतीकडे टक लावून लीलाधर या निष्कर्षाला आला की भूपेशने गुपचूप आतली नळी बदलली आहे. इंपोर्टेड. आणि सांगत नाही. साडू असूनही सांगत नाही.

नया नगरात अनिशचे दुकान होते. रिमोटच्या गाड्या, ड्रोन, असल्या बंदुका तो विके आणि दुरुस्तही करी. लीलाधरने गन काउंटरवर ठेवली.

"रेंज बढाना है. और निशाना भी."

"पहले बैरल के पीछे का रबर देख लेते हैं," अनिश म्हणाला. "आधा काम उसी का है."

"रबर राहू दे. स्प्रिंग टाक. सगळ्यात कडक."

बावीस वर्षे मशीन हाताळलेल्या माणसाला रबर सांगतो! लीलाधरने कडक स्प्रिंग घेतली, घरी आणली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून गन उघडली, स्प्रिंग बसवली आणि शेवटी खिशातून तेलाची कुपी काढली.

कारखान्यात लीलाधरची ओळख त्या कुपीवरून होती. मशीन कुरकुरले, तेल. मशीन कुरकुरत नाही, तर कुरकुरू नये म्हणून तेल. कुलूप, बिजागरी, देवघराची घंटा, सासऱ्यांच्या होडीचे इंजिन, सगळे त्याच्या हाताखालून तेल पिऊन गेले होते. त्याने गनच्या नळीत मागून चार थेंब सोडले, पुढून चार सोडले आणि समाधानाने हात पुसले. हे तो गन घेतल्या दिवसापासून रोज करत होता.

कडक स्प्रिंगने छर्रा दुप्पट जोराने डावीकडे जाऊ लागला.

मग त्याने आतली नळी बदलली. पितळेची, छर्र्यापेक्षा केसभरच रुंद, आतून आरशासारखी. तिलाही तेल. छर्रा आता उजवीकडे जाऊ लागला. मग त्याने दुप्पट वजनाचे छर्रे आणले, कारण वाऱ्यात हलका छर्रा भरकटतो असे अनिश म्हणाला होता. जड छर्रे वीस पावलांवर पडू लागले. वारा त्यांना शिवतही नव्हता, कारण त्यांच्यापर्यंत पोचायला त्याला वेळच मिळत नव्हता.

तिकडे भूपेश खुर्चीत रेलून, एका हाताने फोनवर बोलत, दुसऱ्या हाताने घोडा दाबे. ठण्ण. "हां शेठ, माल मंगळवारी." ठण्ण.

"भूपेश, खरं सांग," एका रविवारी लीलाधरला राहवले नाही. "तू गनला काय केलंस?"

"मी? काय नाय दादा. चार्ज करतो. तेपण सुलू करते."

हे इतके खोटे होते की लीलाधरने आपली गन सरळ पिशवीत घातली.

तो गन घेऊन पुन्हा नया नगरला गेला. या वेळी अनिशने त्याला विचारलेच नाही. त्याने नळी काढली, सळईला कापूस गुंडाळून आत फिरवला आणि बाहेर काढून उजेडात धरला. कापूस काळा आणि ओला होता.

"चाचा, इसमें भजिया तला है क्या?"

"मशीन ऑइल आहे. रोज देतो."

"रोज?" अनिशने सळई खाली ठेवली. मग त्याने चिमट्याने एक इवलेसे रबर काढून दाखवले, एका बाजूने उंचवटा असलेले. छर्रा नळीत शिरतो तेव्हा हा उंचवटा त्याला वरून घासतो, म्हणून छर्रा स्वतःभोवती उलटा फिरत जातो, आणि फिरतो म्हणून हवेत तरंगून लांब आणि सरळ जातो. "घासेल तर फिरेल. तेल पे फिसल गया तो गिरेगा. ये सूखा रखने का होता है. एकदम सूखा."

लीलाधरने खिशातली कुपी चाचपली.

"म्हणजे समज, एखाद्याने गनला कधीच तेल दिलं नाही..."

"तो मस्त चलेगी."

"साफपण केली नाही. हात म्हणून लावला नाही."

"नई गन है तो और मस्त."

भूपेशने आयुष्यात कशालाच तेल दिले नव्हते. त्याच्या बाइकची चेन भाजी मंडईपर्यंत ऐकू येई. म्हणजे नळी इंपोर्टेड नव्हती, गुपित नव्हते, काहीच नव्हते. निव्वळ आळसाने मारलेले नेम होते ते. भूपेशने मेहनत करून हरवले असते तर लीलाधरने मन मोठे केले असते, निदान तसे त्याला वाटले. आळसाकडून हरणे त्याला जमण्यासारखे नव्हते.

अनिशने नवे रबर बसवले. लीलाधरने ते बोटानेही शिवले नाही. सोसायटीच्या गच्चीवर त्याने या टोकापासून त्या टोकाला रंगाचा डबा ठेवला. दहापैकी दहा.

आता खरे तर प्रश्न मिटला होता. पण गच्चीवरून उतरताना लीलाधरच्या लक्षात आले की दोघांचेही दहापैकी दहा लागले तर ती बरोबरी होईल, आणि बरोबरीत खुर्ची जो बसला आहे त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. पहिल्या मजल्यापर्यंत त्याचे ठरले होते.

शनिवारी तो भूपेशच्या दुकानात गेला.

"गन दे. सर्व्हिसिंग करून देतो."

"अहो दादा, कशाला त्रास?"

"त्रास कसला? साडू कोणासाठी असतात?"

"तुम्ही पण ना!" भूपेशचा चेहरा फुलला. त्याने शेजारून कटिंग मागवला, वर खारी मागवली, आणि लीलाधरने दोन्ही खाल्ले-प्यायले. घरी येऊन त्याने दार लावले, भूपेशची नळी उघडली आणि कुपीतून चार थेंब सोडले. मग जरा थांबून, थोरलेपणाने, आणखी सहा.

"त्याच्या बंदुकीला काय करताय?" दाराआडून उर्मिला.

"तेल देतोय."

"इतकं प्रेम?"

रविवारी सकाळी वलांडी ओल्या बोंबलांनी भरल्या होत्या. भूपेश खुर्चीत बसला, गॉगल लावला आणि घोडा दाबला. छर्रा समोरच्या माडाच्या झावळ्यांत गेला. दुसरा तुळशीच्या कुंडीवर आपटला. पाचव्याला सुलू आत पळाली.

"आज काय झालं याला?" भूपेश नळीत डोकावून म्हणाला.

"नजर लागली असंल," नाखवा म्हणाले.

लीलाधर स्टुलावरून उठला. त्याने घाई केली नाही. खाकी गन खांद्याला लावली, वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखे केले आणि दाबले.

ठण्ण.

कावळे उडाले. ठण्ण. ठण्ण. दहाच्या दहा, आणि मग कुणी मागितले नसताना आणखी पाच. नाखवा डब्याकडे बघत होते, मग लीलाधरकडे, मग भूपेशकडे.

"भूपेश, उठ र. बसू दे जावयबापूंना."

लीलाधर खुर्चीत बसला. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. भूपेशकडे त्याने मुद्दाम बघितले नाही. मग बघितले. भूपेश पायरीवर बसून, हात डोक्यामागे घेऊन, मोठी जांभई देत होता.

"दादा, गन तशीच राहू द्या हां," तो हळूच म्हणाला. "परत सर्व्हिसिंग नको."

"का?"

"दिवाळीपासून एक रविवार झोपलो नाय हो. नाखवामामा सकाळी सातला फोन करतात. कावले आले, ये." त्याने उशीसाठी इकडेतिकडे बघितले. "सुलूला म्हटलं, भाओजींना एवढी हौस आहे, देव करो नि त्यांना जमो."

साडेबाराला आतून जेवणाची हाक आली. घोळीच्या कालवणाचा वास ओट्यापर्यंत आला होता. लीलाधर उठू लागला.

"तुमी कुठं चालले?" नाखव्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले. "कावले हायेत. तुमचं ताट हितंच देतंय सुलू. मधलाच तुकडा द्याला सांगितलाय." मग ते दोरीपाशी गेले, खिशातून चाकू काढून ती कापली आणि गुंडाळी करून आत नेली. "आता मना काय बघाला नको. भूपेशचा कवा लागतो, कवा न्हाय, तुमचा पक्का हाय. बाकीचे दिस शेजारची पोरं बघतील; दर आयतवारी सात वाजता तुमी या. ऊन जाईस्तोवर बसलात की झालं."

आत पंखा सुरू झाला. थोड्या वेळाने भूपेशचे घोरणे ऐकू येऊ लागले. वलांडीवर तीन कावळे येऊन बसले. लीलाधरने उचललेला घास ताटात परत ठेवला, हात पुसला आणि गन घेतली.

पालीत बोंबील वाळवण्याचा हंगाम मे महिन्याच्या शेवटापर्यंत चालतो. तो जानेवारीचा दुसरा रविवार होता.