डाव्या हाताचा ब्रेक

मनगटाचं प्लास्टर निघालं, तरी ग्रंथपालबाईंच्या डाव्या हाताची बोटं पुरती उघडत नव्हती. वाचनालयात पुस्तकं कशीबशी उचलता यायची, पण बोटं पोचत नसल्याने सायकलचा ब्रेक काही दाबला जाईना. यजमान म्हणाले, "आता पुरे. बसने जात जा."

बाईंनी ते कानाआड केलं आणि सायकल हातात धरून सायकलचं दुकान गाठलं. यजमानही कुरकुरत मागोमाग आले.

दुकानात भिंतभर हँडलं टांगलेली. काही सरळ, काही म्हशीच्या शिंगांसारखी मागे वळलेली, काही मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली गुंडाळलेली.

"कुठलं काढू?" दुकानदाराने विचारलं.

"आरामाचं."

"दुखतं कुठे ते सांगा आधी."

बाई विचारात पडल्या. मनगट तर दुखतच होतं. पण मानही धरायची, आणि आता विचारलंच म्हटल्यावर पाठही दुखायला लागली.

"सरळ घे, ताबा राहतो," यजमान म्हणाले.

"मागे वळलेलं घ्या वहिनी, मनगटावर भार येत नाही," दुकानदार म्हणाला. मग त्याने ब्रेकचे लिव्हर मांडले. लांब, आखूड, आणि एक असा की दोन्ही ब्रेक एकट्या उजव्या हाताने लागतील.

"हा सगळ्यात सोपा. डावा हात नुसता टेकवायचा."

"हाच घे," यजमान लगेच म्हणाले.

सोपा होता खरा. तरी बाईंनी त्याला हात लावला नाही. हाताला एकदा बसायची सवय लागली तर? पण दुसरा घेतला आणि ब्रेक लागलाच नाही तर?

"अहो, जरा थांबा ना," त्या म्हणाल्या आणि आखूड लिव्हरची जोडी उचलली.

दुकानदाराने वळलेलं हँडल बसवलं, स्क्रू पिळून डावा लिव्हर बोटांच्या जवळ आणला. बाई गल्लीत फिरून आल्या. पाठ ताठ राहिली, मनगट गप्प राहिलं. वळताना मात्र हँडलचं टोक गुडघ्याला लागलं आणि सायकल दारू प्यायल्यासारखी झोकांडली.

"बरं वाटलं का?" यजमानांनी विचारलं.

"कळत नाही हो."

"ब्रेक लागला?"

"लागला. बोटं दुखतायत."

दुखणं काम केल्याचं होतं की काही बिघडल्याचं, हे त्यांना सांगता येईना. यजमानांनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बोटं हलकेच चोळली. बसचं नाव काही काढलं नाही.

दुकानदाराने हँडल थोडं वर घेतलं. आता गुडघा सुटला.

"पक्कं करू?"

बाईंनी पुन्हा एकदा त्या सोप्या लिव्हरकडे पाहिलं. मन अजून इकडेतिकडेच होतं.

"करा," त्या म्हणाल्या. "आणि तो स्क्रू उलटा कसा फिरवायचा तेही दाखवा. बोटं सुधारली तर लिव्हर लांब न्यावा लागेल."