ओळंबा आणि शिंपीणमावशींचा उतरता खांदा

मित्रांनो, तो पंखा जरा बंद करता का? वारा लागला की मी झुलतो, आणि झुलायला लागलो की जिवाची नुसती घालमेल होते. हं, आता बरं. मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, टोकदार, दोरीला लटकलेला.

वीस वर्षं मी एका गवंड्याच्या हाती होतो. तो मला भिंतीवरून खाली सोडायचा. मी थरथरत थांबलो की म्हणायचा, "पठ्ठ्या कधी खोटं बोलत नाही." भिंत जरा कलली तरी विटा उतरवून पुन्हा लावायचा. त्या कौतुकाने मी शेफारलो, दुसरं काय! मग गवंडी थकला आणि मी खिळ्यांच्या डब्यात पडलो. पाच वर्षं! हलायलाही जागा नाही. वेड लागायचं बाकी होतं.

शेवटी गवंड्याच्या नातीने मला बाहेर काढलं. ही ताई व्यायामशाळा चालवते. तिथे सगळे येतात, चाकाच्या खुर्चीवरचे, काठीवाले, धडधाकट. ताईने मला छताला टांगलं. आलेल्या माणसाला माझ्या दोरीकडे पाठ करून उभं करायचं, खांदा कुठे उतरलाय, कंबर कुठे कललीय ते बघून वहीत लिहायचं. मी तर हरखलोच. पुन्हा मोजमाप, पुन्हा मान!

एक दिवस शिंपीणमावशी आल्या. त्यांचा डावा पाय लहानपणापासून दोन बोटं आखूड. म्हणाल्या, "ताई, आमचं दुकान पुढच्या महिन्यात माडीवर जातंय. कापडाचा तागा घेऊन जिना चढता आला नाही, तर मालक दुसरी बाई बघणार. तेवढं जमवून द्या."

ताईने त्यांना माझ्यापुढे उभं केलं, उतरलेला खांदा वहीत लिहिला आणि डाव्या पायाखाली पातळ फळ्या सारल्या. एक, दोन, तीन. पाठीचा कणा बरोबर दोरीवर आला. "बघा, कशा सरळ झालात!" मीही मनात म्हटलं, चला, भिंत ओळंब्यात आली. त्याच फळ्यांवर उठाबशा सुरू झाल्या.

चौथ्या दिवशी मावशी गुडघा धरूनच आल्या. "कळा निघतायत हो. आधी चार पायऱ्या तरी चढायचे, आता एक चढायची म्हटलं तरी जीव जातो."

दिवस भराभर चालले होते, बाईंचं काम जायची वेळ आली होती, आणि मी मेला तिथे नुसता लटकलेला! ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, मावशी म्हणजे भिंत नव्हे!

ताईचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, मावशी. मी दोरीकडेच बघत बसले. तुम्ही एरवी कशा चढता, ते दाखवा बरं."

मावशी मागच्या दाराच्या पायऱ्यांवर गेल्या. उजवा पाय आडवा टाकला, खांदा खाली सोडून तोल सावरला, मग डावा पाय वर घेतला. "चाळीस वर्षं अशीच चढते. वाकडी दिसत असेन, पण पडले नाही कधी."

जो खांदा आम्ही चूक म्हणून वहीत लिहिला होता, त्याच्यावरच बाईंचा सगळा तोल होता. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

फळ्या कोपऱ्यात गेल्या. गुडघा शांत झाल्यावर ताईने मावशींच्याच पद्धतीने पायऱ्यांचा सराव घेतला. हातात आधी रिकामी पिशवी, मग वाळूची. रोज एक पायरी जास्त. मी दारातून बघत होतो आणि मोजताना सारखा चुकत होतो.

महिना उलटला आणि मावशी धापा टाकत आल्या. "चढले! ताग्यासकट! मालक बघतच राहिला." खांदा होता तस्साच उतरलेला.

मित्रांनो, मला पुसत जा, माझी दोरी बदलत जा. पण कुणाला माझ्यापुढे उभं करायच्या आधी त्याला चार पावलं चालू द्या, आणि काय हवंय ते त्यालाच विचारा.

त्या दिवशी जाताना मावशींनी मला टिचकी मारली. "झूल रे बाबा! तुलाही कुठे एका जागी उभं राहवतं?"

बरं, आता लावा तो पंखा.