दोघांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जेमतेम दोन माणसांचा. तिसरा टेकू लागला, की तिघांपैकी एक हमखास जमिनीवर येतो.

खरे तर मी चांगला लांबलचक होणार होतो. वस्तीच्या सभागृहासाठी सुतार मला घडवत होता, तेव्हा फळी मधेच उकलली आणि धड उरलेला तुकडा एवढाच निघाला. सुतार ओशाळला. पण वस्ती समितीच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, "असू दे हो. भांडायला दोघंच लागतात."

बाई सभागृहाच्या मागच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवत. तिथल्या मुली त्यांना बाई म्हणत, म्हणून त्या साऱ्या वस्तीच्याच बाई झाल्या. माझ्यासाठी त्यांनी एक नियम केला. ज्या दोघांचे वाजले असेल, त्यांनी सभेत माझ्यावर शेजारी शेजारी बसायचे. आपली तक्रार सांगण्याआधी दुसऱ्याची तक्रार सांगायची. तो "हो, हेच" म्हणेपर्यंत सांगत राहायचे. मग बाजू बदलायची. त्यानंतर सगळ्या सभेने मिळून तोड काढायची आणि हात वर करून ठरवायचे.

आमच्या वस्तीतून दगडाच्या खाणीचा रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला ट्रकचालकांची घरे, दुसऱ्या अंगाला बाकीच्यांची. ट्रक थांबले, की चालकांच्या चुली थंडावत. ट्रक चालले, की समोरच्या बाजूला खोकल्यांची रांग लागे. एका सभेत माझ्यावर बसले दोघे: ट्रकवाला भोंगा आणि निवृत्त परिचारिका सिस्टर. भोंग्याला हे नाव त्याच्या आवाजावरून पडले होते. त्याच्या ट्रकला हॉर्न नसता तरी चालले असते.

"बोल," बाई म्हणाल्या. "सिस्टरचं म्हणणं काय?"

"काय असणार? आम्ही धूळ उडवतो."

"अर्धंच सांगितलंस," सिस्टर म्हणाल्या.

"आणि मग त्या ओरडतात."

सभागृह हसले. "ओरडते मी, त्यात खोटं काय? पुढे?"

भोंग्याने मान खाली घातली. मग आवाज उतरवून म्हणाला, "त्यांच्या नातवाला दम लागतो. ट्रकचा आवाज आला, की त्या धावत जाऊन खिडकी लावतात. खिडकी लावली, की पोर उकाड्यानं रडतं. उघडली, की खोकतं."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "हेच."

मग त्यांची पाळी आली. "धूळ उडू नये म्हणून हा खडीवर ताडपत्री बांधत बसला, तर मागचा ट्रक पुढे निघून जातो. याची खेप बुडते. खेप बुडली, तर घरी जाऊन काय सांगायचं?"

"हो, हेच! सिस्टर, हे माझ्या बायकोला एकदा सांगा की."

सगळ्याच ट्रकांनी ताडपत्री बांधायची, म्हणजे कोणाचीच खेप बुडणार नाही, असे ठरले. रस्त्यावर पाणी मारायचे काम दोन्ही अंगांनी वाटून घेतले. सगळे खूश झाले असे मुळीच नाही. कुरकुर झालीच. पण कुरकुरत का होईना, पाणी मारायला दोन्हीकडची माणसे आली.

अशी कितीतरी भांडणे मी पाठीवर वागवली. रागावलेला माणूस बसल्या जागी माझी कड घट्ट धरतो. दोन्ही टोकांना माझी कड तेवढीच झिजून गुळगुळीत झाली. सभागृह पाहायला आलेल्यांना बाई ती जागा बोट फिरवून दाखवत.

पुढे बाईंचे गुडघे थकले. नवे अध्यक्ष निवडून आले. ते वाईट नव्हते, घाईचे होते. "एकेका भांडणात अख्खी संध्याकाळ जाते," असे म्हणून त्यांनी व्यासपीठ बांधले, माइक आणला, खुर्च्यांच्या रांगा मांडल्या. मी मागच्या खोलीत गेलो. माझ्यावर रंगाचे डबे आले. दाराच्या फटीतून मला सभा दिसे, टाळ्या ऐकू येत. "हो, हेच" मात्र पुन्हा ऐकू आले नाही.

एका वर्षी ट्रक भल्या पहाटे, अंधारातच धावू लागले. सभा भरली. सिस्टर माइकवर झोपमोडीबद्दल छान बोलल्या, एका बाजूने टाळ्या वाजवल्या. भोंगा पोटापाण्याबद्दल त्याहून छान बोलला, दुसऱ्या बाजूने वाजवल्या. लेकीचा हात धरून बाईही आल्या होत्या.

"बाक कुठाय?" त्यांनी विचारले.

"बाई, आता माइक आहे ना," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जातं."

"ऐकू जातं, खरंय," बाई म्हणाल्या, आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

दुसऱ्या पहाटे काही जणांनी रस्त्यावर धोंडे टाकून ट्रक अडवले. बाचाबाची झाली. कुठूनसा दगड आला आणि भोंग्याच्या ट्रकची काच फुटून त्याच्या डोळ्यात गेली. त्याला सभागृहात आणले. स्वच्छ कापड घेऊन सगळ्यांच्या आधी धावल्या त्या सिस्टर.

"अंधारात कशाला येता रे मरायला?" पट्टी बांधताना त्या रडत होत्या.

"आम्हाला काय हौस आहे? खाणीच्या मुकादमानं वेळ बदलली. नाही म्हणेल त्याचं काम बंद."

"मग सभेत का नाही बोललास?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

मित्रांनो, दोन्ही बाजूंना एकच गोष्ट नको होती. माझ्यावर बसले असते, तर दोन वाक्यांत उमगले असते. चार पाय असून मला चालता येत नाही, याचे दुःख त्या पहाटेइतके कधीच झाले नाही. नंतर दोन्ही बाजू मिळून खाणीच्या कार्यालयात गेल्या आणि वेळ बदलूनही मिळाली. भोंग्याचा डोळा मात्र गेला.

बाईंनी अंथरूण धरले आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

काही दिवसांनी त्यांची लेक मागच्या खोलीतले शिलाई मशीन न्यायला आली. मशीन उचलायला भोंगा आला होता. तिने मला पाहिले. एकेक डबा खाली ठेवला, मला पुसले आणि माझ्या एका टोकाला बसली. थोड्या वेळाने भोंगा दुसऱ्या टोकाला बसला.

"तुमचं म्हणणं असं," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "की बाई त्या सभेत मागं बसून राहिल्या आणि आमच्यातला एकही त्यांच्याजवळ गेला नाही."

तिची बोटे माझ्या झिजलेल्या कडेवर आवळली. "हो," ती म्हणाली. "हेच." मग म्हणाली, "आणि तुमचं म्हणणं, की बाक इथेच आहे हे मलाही माहीत होतं, तरी मी तो बाहेर आणला नाही."

"नाही ताई. ते नाही."

नियमाप्रमाणे तिने पुन्हा प्रयत्न केला. "तुम्हाला आईला काहीतरी सांगायचं होतं. ते राहून गेलं."

"हो," भोंगा म्हणाला. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

आता मी पुन्हा सभागृहात असतो, माइकच्या शेजारी. मित्रांनो, तुमचे कोणाशी वाजले, तर माझ्यासारखा बाक हवाच असे नाही. घराची पायरीसुद्धा चालते. फक्त लवकर बसा. बाकावरची धूळ केव्हाही पुसता येते. शेजारी बसणारा माणूस तोवर असायला हवा.