पत्ता वेगळा, बाक वेगळा

सोळा महिने कुलूपबंद राहिलेलं चर्च उघडायचं ठरलं तेव्हा देवाला किती आनंद झाला ते ठाऊक नाही, पण थोरलीला झाला. तिला दारावर उभं राहायचं काम मिळालं. एका हातात ताप मोजायची बंदूक, दुसऱ्या हातात नावांची यादी आणि गळ्यात 'स्वयंसेवक' असं कार्ड. तीस वर्षं तिने रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लोकांच्या शिरेत सुया टोचल्या होत्या. अजूनही ती समोर आली की ओळखीची माणसं नकळत बाही वर सारायची. फादरनी तिलाच दारावर उभं केलं ते काही उगाच नाही.

नियम फळ्यावर लावले होते, पण थोरलीला ते तोंडपाठ होते. पन्नास माणसं, त्याहून एक जास्त नाही. एक बाक सोडून एक. हिरव्या पट्टीवर बसायचं, लाल फुलीवर बसायचं नाही. एका पत्त्यावर राहणाऱ्यांनी एका बाकावर, बाकी सगळे सुटे. दाराजवळचं पवित्र पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत होतं आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवली होती. निम्मे लोक सवयीने तेच बोटावर घेऊन कपाळाला लावत होते आणि क्रूसाची खूण करून आत शिरत होते.

"चालेल," थोरली म्हणाली. "जंतू मरतील आणि सैतानही."

निवृत्त हेडमास्तर आपल्या लग्न झालेल्या मुलीला घेऊन आले. सोळा महिन्यांत त्यांनी लेकीला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही बहुतेक वेळा तिच्या घराचं छतच.

"आम्ही दोघं एकत्र बसतो," ते म्हणाले.

"एका घरात राहता का?"

"अहो, मुलगी आहे माझी! बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला तिचा. तुम्ही होतात की!"

"पत्ता वेगळा, बाक वेगळा," थोरली म्हणाली. "तुम्ही आठ नंबरचा बाक. त्या वीस. पुढे चला."

हेडमास्तर आठवर जाऊन बसले आणि मान वाकडी करून वीसकडे बघत राहिले. थोरलीला वाईट वाटलं का? वाटलं. पण एकदा सवलत दिली की रांग लागते, हे तिला लॅबमध्ये कळून चुकलं होतं. शिवाय तिचं लक्ष सकाळपासून यादीतल्या एकतीस नंबरवर होतं.

एकतीस नंबर म्हणजे तिची धाकटी बहीण.

दोघी बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण ऐकाल तर हसाल. आईला पुरलं त्या दिवशी शवपेटीचं झाकण लावताना थोरलीच्या लक्षात आलं, की आईच्या डोळ्यांवर चष्मा नाही. आईला चष्म्याशिवाय हाताची बोटं दिसायची नाहीत. थोरली भर चर्चमध्ये ओरडली, "आंधळी करून पाठवलीस आईला! वर गेल्यावर बाबांना ओळखणार कशी ती?" धाकटी फणकारली, "तिथे चष्मा लागत नाही!" आईला तयार करायचं काम तिचं होतं. तेव्हाच्या फादरना मध्ये पडायचं होतं, पण देवाघरी चष्मा लागतो की नाही, हे त्यांना शिकवलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात धाकटीने शेजारणीच्या हातून आईच्या चष्म्याची डबी पाठवली. रिकामी. थोरलीला ती डबी थोबाडीत मारल्यासारखी लागली. तिने ती फेकली नाही, तिच्यात बटणं भरून ठेवली. तेव्हापासून अबोला.

पण तिसरा बाक कुणीच सोडला नाही. तो आईचा बाक होता. दर रविवारी एक बहीण या टोकाला, एक त्या टोकाला आणि मध्ये आईची रिकामी जागा. मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एक घटका अशी येते, की फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मग शेजाऱ्याचा हात हातात घेऊन 'शांती' म्हणायचं. शेजारी कोण हे आपल्या हातात नसतं. दोघी नाइलाजाने आईच्या जागेवरून हात पुढे करायच्या, तोंड फिरवून 'शांती' म्हणायच्या आणि हात सोडायच्या. आठवड्याचं बोलणं एवढंच.

एवढ्यावर थोरलीचं भागायचं. सुया टोचणाऱ्या बाईला हात वाचता येतो. हात गार आहे, म्हणजे नाश्ता न करता आली. नखं पांढरी दिसतात, रक्त कमी आहे. अंगठ्याला भाजलंय, स्वयंपाक करताना पुन्हा विचारात होती. मग ती घरी जाऊन मनातल्या मनात धाकटीला यथेच्छ रागवायची आणि गाढ झोपायची. बारा वर्षं ती बहिणीशी भांडली, पण दर रविवारी तिला तपासूनही येत होती.

मग चर्च बंद झालं आणि हात गेला. फादर रविवारी फोनवरून मिस्सा दाखवायचे. थोरली पडद्यासमोर बसायची आणि शांतीची वेळ आली की उठून उगाच पाणी प्यायची. दुसऱ्या लाटेत शेजारणीने सांगितलं, की धाकटीला रुग्णवाहिकेतून नेलं. पुढचे अकरा दिवस थोरलीने त्या वॉर्डात रोज फोन केला. "लॅबमधून बोलतेय, चौदा नंबर खाटेचा ऑक्सिजन सांगा." नर्स बिचारी सांगायची. बहीण म्हणून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण मग बहीण म्हणून विचारावं लागलं असतं.

तर एकतीस नंबर दारात येऊन उभी राहिली. वाळून काठी झालेली. कपडे दुसऱ्या कुणाचे घातल्यासारखे लोंबत होते. मास्कमधून वर येणाऱ्या वाफेने चष्मा पांढराफटक झाला होता. थोरलीने बंदूक मनगटावर धरली. हात लावायचा नाही, असा नियम होता.

"सत्त्याण्णव पॉइंट दोन. ताप, सर्दी, खोकला?"

"नाही, मॅडम."

"घरी कुणी आजारी?"

"घरी मी एकटीच असते."

"आधी आजार होऊन गेलाय का?"

"गेलाय," धाकटी म्हणाली. "लॅबला माहीत आहे."

मास्कच्या दोऱ्यांखाली थोरलीचे कान तापले. सत्त्याण्णवच्या बरंच वर. तिने यादीवर जोरात खूण केली. "चौथा बाक, खांबाजवळ. तिसरा बंद आहे."

तिसऱ्या बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुल्या तिने स्वतःच चिकटवल्या होत्या. आईच्या जागेवरची फुली तिने सगळ्यात शेवटी चिकटवली होती, पण नियम म्हणजे नियम. तिची स्वतःची जागा दाराजवळ, शेवटच्या बाकावर होती.

मिस्सा सुरू झाली. मास्कमधून गाणी अशी येत होती, जणू सगळी मंडळी उशीत तोंड खुपसून गात होती. थोरलीचं लक्ष प्रवचनात नव्हतं, ते चौथ्या बाकावरच्या पाठीवर होतं. आणि मग फादर म्हणाले, "हात मिळवायचा नाही. जागेवरूनच वळा आणि मान लववून एकमेकांना शांती द्या."

सगळे वळले. माना अशा लवल्या, की चर्चभर जणू सगळ्यांना एकदम डुलकी लागली. धाकटीही वळली. थेट दाराकडे, थोरलीकडे. थोरलीने मान लववली. चांगली खाली, बारा वर्षांत कुणापुढे लववली नव्हती इतकी. वर बघते तर धाकटी तशीच उभी. मान हलली नाही. आरपार बघून ती पुन्हा पुढे वळली.

"इतका माज?" थोरली पुटपुटली. डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्याचा तिला आणखी राग आला. संपलं, तिने ठरवलं. पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाला बंदूक द्या म्हणावं. आणि तेवढ्यात तिने पाहिलं, की धाकटी समोरचा बाक हाताने चाचपत होती. गुडघे टेकायची फळी तिला दिसत नव्हती. पांढऱ्याफटक चष्म्यातून तिला थोरली दिसली नव्हती, मान दिसली नव्हती, काहीच दिसलं नव्हतं.

थोरली उठली. चर्चच्या मधोमध, पन्नास माणसांच्या आणि फादरच्या देखत चालत चौथ्या बाकापाशी गेली. तिने धाकटीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पर्समधून कापसाचा बोळा काढला (तो तिच्याकडे असायचाच), काचा लख्ख पुसल्या आणि चष्मा परत नाकावर चढवला. वरून मास्कची तार नाकावर घट्ट दाबली.

"ही तार दाबायची असते. सोळा महिने झाले, अजून कळत नाही?"

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने तो धरला आणि तिथेच, लाल फुलीवर, मटकन बसली. हात हलका होता, नुसती हाडं. नखं पांढरी होती. मनगटावर सलाइनच्या सुयांचे काळे डाग होते आणि ज्याने कुणी सुई लावली होती त्याला ते काम येत नव्हतं.

"पत्ता वेगळा, बाक वेगळा!" आठ नंबरवरून हेडमास्तरांचा आवाज आला. चांगला खणखणीत, मास्क असूनही.

सगळं चर्च थोरलीकडे बघत होतं. फादर वेदीवर पुस्तकाचं पान शोधत राहिले, सापडलेलं असूनही.

"जा," थोरली म्हणाली. "बसा लेकीजवळ."

पुढे काय झालं ते वरिष्ठांना कळवायच्या अहवालात फादरनी लिहिलं नाही. बाक करकरले, चपला घासल्या, आणि मिनिटाभरात जो तो आपल्या माणसापाशी होता. हिरव्या पट्ट्या रिकाम्या पडल्या. मग सगळ्यांनी गुडघे टेकले.

थोरलीच्या तोंडाला सकाळपासून प्रश्न विचारायची सवय लागली होती. त्या सवयीतच तिच्या तोंडून गेलं,

"आईच्या चष्म्याचं काय केलंस गं?"

"तिच्या हातात दिला," धाकटी कुजबुजली. "रुमालाखाली. झोपताना ती तसाच धरायची ना, उठल्यावर लगेच सापडायला."

थोरलीला बटणांनी भरलेली डबी आठवली.

"मग डबी का पाठवलीस?"

"चष्मा तिच्याबरोबर गेला, हे तुला कळावं म्हणून. रिकामी डबी बघून दुसरं काय कळणार होतं?"

"आणि बारा वर्षं तोंडाने सांगता आलं नाही?"

"तू ओरडलीस, ताई," धाकटी म्हणाली. "विचारलं नाहीस."