अर्ध्यावर राहिलेले केस

"दादा, काचेवर उभा राहा की! खाली बघ, शहाऐंशी मजले!" धाकटा भाऊ मोबाइल सरसावून म्हणाला.

पायाखाली काच, काचेखाली ढगाचा तुकडा आणि त्याच्याही खाली काडेपेट्यांएवढ्या गाड्या. दादाने कठडा घट्ट धरला. तीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून गिऱ्हाइकांचे केस कापणाऱ्या माणसाला कशाला हवी ही उंची? पण धाकट्याने हौसेने परदेशातली ही राजधानी बघायला बोलावलं होतं, आणि दादालाही त्याच्याशी बोलायचं होतं. आई झोपेत गेली, असं त्याने दोन वर्षांपूर्वी धाकट्याला फोनवर सांगितलं होतं, तेही सगळं उरकल्यावर. ते खोटं होतं. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

शहर मात्र देखणं होतं. दारं आपणहून उघडायची, जिने आपणहून चढायचे, गाडी चालकाशिवाय धावायची आणि तरी वेळेवर पोचायची. इथे माणसांपेक्षा दारांनाच अगत्य जास्त, असं दादाला वाटलं. चार दिवस धाकट्याने त्याला नुसतं पळवलं. जरा कुठे बाकावर टेकून त्याने "अरे, आईचं..." म्हणावं, की हा घड्याळ बघून उठलाच. विषय निघू नये म्हणूनच हा शहर दाखवतोय की काय, अशी शंका दादाला येऊ लागली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दादा म्हणाला, "केस फार वाढलेत तुझे. बस इथे."

गॅलरीत स्टूल, गळ्याभोवती टॉवेल आणि हातात स्वयंपाकघरातली बोथट कात्री. माणूस तोंडासमोर जे बोलत नाही ते पाठमोरा बसला की बोलतो, हे दादाने उभ्या जन्मात पाहिलं होतं. आज बोलायची पाळी त्याची होती. उजवी बाजू झाली तेव्हा त्याचा धीर गोळा झाला.

"आई झोपेत नाही गेली. पाच दिवस अंथरुणावर होती. शुद्धीत होती. तुझीच आठवण काढत होती."

धाकट्याची मान हलली नाही. "मला का नाही कळवलंस?"

"रागात होतो रे. सात वर्षं फिरकला नाहीस. म्हटलं, आता तरी कशाला येतोय हा! ती विचारायची, निघाला का? मी सांगायचो, निघालाय."



"पाच दिवस," धाकटा म्हणाला. "दादा, विमानाला सहा तास लागतात."

त्याने टॉवेल काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दादाने जमिनीवरचे केस गोळा केले. दार वाजवायची त्याची हिंमत झाली नाही.

सकाळी धाकटा दादाची बॅग उचलूनच बाहेर आला. उजवीकडे केस बारीक, डावीकडे कानावर आलेले.

"डावी बाजू राहिलीये. दोन मिनिटं बस ना."

"उशीर होईल."

एरवी मोबाइलमधून डोकं वर न काढणारी माणसं गाडीत वळून वळून बघत होती. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटा कोणाकडेच न बघता दांडा धरून उभा होता. बॅग त्याने शेवटपर्यंत दादाच्या हाती दिली नाही.

विमानतळावर आतल्या दारापाशी त्याने ती दादाच्या खांद्याला अडकवली, पट्टा सरळ केला आणि पाठ फिरवली. एवढ्या गर्दीतही बराच वेळ तो दादाला ओळखू येत होता.