नीलाबाईंचे कान

सिरसाळ्यात परळीकडे जाणाऱ्या रस्त्याला शिवलिंगप्पांचं गॅरेज आहे. सकाळी शटर वर करायचं आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचं, एवढंच काम अप्पांना उरलं होतं. समोरून वाहनं जात, पण ती नुसती दिसत. उभ्या जन्माच्या धडधडीनं त्यांचे कान नेले होते. कुणी डाव्या बाजूला येऊन ओरडलं तर कळे, एरवी ओठांकडे बघून अंदाज.

मग बहिरा माणूस टॅपेट कसे लावत होता? लावत अप्पाच होते. ऐकत होत्या त्यांच्या बायको, नीलाबाई.

टॅपेट म्हणजे काय, तेही सांगतो. इंजिनाला वर छोटी दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एका दारानं हवा आत येते, दुसऱ्यानं धूर बाहेर जातो. जुन्या इंजिनात खालून एक दांडी वर येते आणि एका लहानशा तरफेचं टोक उचलते. मग तरफेचं दुसरं टोक दाराला दाबतं. फळीच्या एका टोकाला एक पोर, दुसऱ्या टोकाला दुसरं, तसला हा खेळ. तरफ आणि दार यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की लांबतं आणि त्याला लांबायला जागा लागते. ही फट स्क्रूनं नेमकी बसवणं म्हणजे टॅपेट लावणं. फट जास्त झाली तर टकटक वाजतं. फट राहिलीच नाही तर काही वाजत नाही, पण दार पुरतं मिटत नाही, आणि आगीत अर्धवट उघडं राहिलेलं दार जळून जातं.

फट मोजायला लोखंडी पात्या मिळतात. पण जुन्या तरफेचं टोक झिजून त्याला खळगा पडतो. पाती खळग्यावरून आडवी निघून जाते आणि सगळं ठीक असल्याचं सांगते. अशा वेळी कानच लागतो. नीलाबाई लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत, आणि अप्पांना बोटांनी सांगत. चिमूट म्हणजे आवळा, फट कमी करा. बोटं फाकवली की सोडा. तळहात पालथा केला की झालं. गिऱ्हाइकाला वाटे, बाई चहा घेऊन आली आणि गंमत म्हणून कान लावतेय.

मागच्या पोळ्याआधी नीलाबाई गेल्या. तोवर गाड्याही बदलल्या होत्या. नव्या इंजिनांत त्या लांब दांड्याच नव्हत्या. पुष्कळांत ती फटही तेलाच्या दाबानं आपोआप भरून निघे. अप्पांच्या हाताची अशी एकच जीप उरली होती, राधाकिशनची. तो शेळ्यांचा व्यापारी. दोन-तीन महिन्यांनी यायचा.

त्या दुपारी तो आला आणि डाव्या कानाशी ओरडला, "अप्पा! जित्ते हाव न्हवं?"

"झोपलो होतो. आता सगळं सिरसाळं उठलं आसल."

"जीप लई वाजाय लागली. आमच्या करिष्माच्या मालकानं नवी गाडी घेतली. चालू हाय का बंद, तेच कळंना! म्या चालू गाडीलाच परत चावी मारली. करकर करकर! जावई हसून हसून मेला. आन् माझ्या जीपीत शेळ्यासुदिक कान पाडून बसतेत."

"शेळ्याचे कान पडलेलेच असतेत बे."

राधाकिशन हसला. मग जरा अवघडून म्हणाला, "सोमवारी बीडला न्यायची म्हन्तोय. एक जन दुसरं इंजन बसवून देतो, नव्या गाडीचं. पर म्हनलं, आदी अप्पाला दावावं. तुमी आवाज घालवला तर ऱ्हाऊ दिऊ हेच."

अप्पांनी बॉनेट उघडलं. ही जीप गेली की शटर उघडायचं ते कुणासाठी, हा विचार त्यांनी बाजूला सारला. पाती घालून आठही टॅपेट लावले आणि इंजिन चालू केलं. राधाकिशनचे ओठ हलले, "वाजतंय."

अप्पांनी पेचकस टेकवला आणि सवयीनं मूठ उजवीकडे पुढे केली. तिथं कुणी नव्हतं. आपल्यालाच दिली असं समजून राधाकिशननं ती कानाला लावली.

"कोनतं वाजतंय?" अप्पांनी विचारलं.

"समदंच वाजतंय की!"

अप्पांनी मूठ परत घेतली, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि सरळ दातांत धरली. जबड्यातून ठोके कवटीत आले. ऐकू आलं असं नाही, पण कळलं. एकेक करत ते पुढे सरकले. सहाव्याशी दातांना झिणझिण्या आल्या. तो अंमळ आवळला. मग आठही ठोके सारखे झाले, बारीक आणि नीट. त्यांनी तळहात पालथा केला, कुणासाठी कोण जाणे.

"कमी झालं," राधाकिशन ओरडला, "पर टिकटिक हायेच."

"ती पायजेच."

"जावयाच्या गाडीत कावून न्हाई मग? आजून एक आटा आवळा की, अप्पा."

आवळलं तर राधाकिशन खुशीत जाणार होता. सोमवारचं बीड टळणार होतं. महिन्या-दोन महिन्यांत व्हॉल्व्ह जळला की तो इथंच येणार होता. मग इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवायचं, व्हॉल्व्ह घासायचे. दोन दिवस तरी दुकानात माणूस.

अप्पांनी आवळलं. आठही.

"ह्याला म्हन्तेत मिस्त्री!" राधाकिशननं पाठीवर थाप मारली, खोकं ओढलं आणि बसला. करिष्माची सासू, बाजारातले दलाल, हरवलेला बोकड, सगळं डाव्या कानाशी ओरडून सांगितलं. चहा आला, तो संपला. कानाशी इतकं बोलणारं माणूस किती दिवसांनी आलं होतं! मधेच तो म्हणाला, "उद्या धारूरच्या घाटानं शेळ्या न्यायच्या हायेत. भरून."

अप्पा उठले. बॉनेट पुन्हा उघडलं आणि एकेक टॅपेट सोडत गेले.

"आवो, हे काय करायलेत?" राधाकिशन उठून डाव्या कानाशी आला.

"घाटात जळंल ते. लई आवळलं होतं म्या."

"मंग आवळलंच कावून?"

"तू बसावास म्हनून," अप्पा म्हणाले.

राधाकिशन परत खोक्यावर बसला. पुढं काहीतरी हळू बोलला. अप्पांना कळलं नाही, आणि मोठ्यानं बोल असंही ते म्हणाले नाहीत.

उन्हं कलल्यावर तो उठला. टिकटिक परत आली होती, आणि सोमवारी बीडला हे इंजिन काढलं जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं जीप चालू केली. अप्पांचा हात मडगार्डवर होता. तळव्याला आठही ठोके लागत होते. मग मडगार्ड हाताखालून सरकलं आणि जीप रस्त्याला लागली.